नव्वद सेंटिमीटरचं दार

आमच्या विभागाच्या तळमजल्यावर आता तीन स्वच्छतागृहं अशी आहेत, की तिथे कुणालाही जाता येतं. व्हीलचेअरवरून, कुबड्या घेऊन, मदतीला भाऊ लागत असेल तर भावाला घेऊन, आणि बाई की पुरुष याचा पुरावा कुणाला न देता. पहिला अर्ज मी १६ जानेवारी २०२३ ला दिला. फीत कापली गेली १५ ऑगस्ट २०२४ ला. दार खरोखर उघडलं ते त्यानंतर महिन्याभराने.

तेव्हापासून इतर कॉलेजांतल्या मुला-मुलींचे फोन येतात. 'ताई, अर्जाचा मसुदा पाठव ना.' पाठवते. पण नुसत्या मसुद्यानं भागत नाही. कुठे अडतं, कोण सोडवतं, काय चुकतं, हे सांगायला तासभर बोलावं लागतं. म्हणून एकदा सगळं क्रमानं लिहून ठेवते. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. पुण्यातलं आहे एवढं पुरे.

२०१९ मध्ये माझा अपघात झाला आणि कमरेखालची ताकद गेली. ऑगस्ट २०२२ मध्ये पीएचडीला प्रवेश मिळाला. पहिल्या दिवशी आई सोबत होती. तळमजल्यावर जिन्याशेजारी 'दिव्यांगांसाठी' अशी निळी पाटी पाहून तिला इतका आनंद झाला, की तिनं पाटीचा फोटो काढून भावाला पाठवला. दाराला कुलूप होतं. किल्ली सफाई करणाऱ्या मावशींकडे, आणि मावशी तिसऱ्या मजल्यावर. त्या आल्या, कुलूप उघडलं. आत सहा बादल्या, फरशी पुसायचे मॉप, फिनाइलचे पाच लिटरचे दोन कॅन, एक मोडकी खुर्ची आणि कुठल्याशा परिसंवादाचा गुंडाळलेला फ्लेक्स. मावशींनी भराभर बादल्या बाहेर काढल्या, पण उपयोग नव्हता. उंबरठा चार इंच. दार आत उघडणारं, म्हणजे व्हीलचेअर आत घेतली की दार लागणार नाही. आई पाठीनं दार झाकून उभी राहिली. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते.

पुढचे तीन महिने मी सकाळी पाणी पिणंच सोडलं. अर्धा कप चहा, तोही घरून निघायच्या दोन तास आधी. दुपारी दीडला रिक्षानं कर्वेनगरला घरी. जाऊन-येऊन दोनशे रुपये. पुष्कळदा परत जायचं त्राण नसायचं, मग तो दिवस बुडायचा. नोव्हेंबरमध्ये व्हायचं तेच झालं. मूत्रमार्गाचा संसर्ग, ताप, अकरा दिवस अंथरुणात, तपासण्या आणि औषधांना साडेचार हजार. डॉक्टरांनी विचारलं, 'दिवसाला पाणी किती पिता?' मी खरं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, केसपेपरवर लिहीत राहिल्या. त्या गप्प बसण्यानं मला जेवढं लागलं तेवढं तापानं लागलं नव्हतं. घरी आल्यावर अर्ज लिहायला घेतला.

पहिला अर्ज विभागप्रमुखांना. सर चांगले होते. त्यांनी त्याच दिवशी 'योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित' असा शेरा मारून तो वर पाठवला. चूक माझी झाली. मी पोच घेतली नाही. फेब्रुवारीत चौकशीला गेले तर अर्ज आवक नोंदवहीत नव्हता. तेव्हापासून नियम केला: प्रत्येक कागदाच्या दोन प्रती, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. शिक्का मारायला कुणी जागेवर नसेल तर बसून राहायचं. तोंडी आश्वासन कितीही मनापासून दिलेलं असलं, तरी पुढच्या टेबलावर त्याला काही किंमत नसते.

दुसरा अर्ज २० फेब्रुवारीला, पोच घेऊन. तो इमारती आणि देखभाल बघणाऱ्या अभियंता कार्यालयात गेला. तिथून उत्तर आलं, की आता मार्च एंड आहे, निधी नाही, पुढच्या आर्थिक वर्षात विचार करू. मार्च गेला, एप्रिल उजाडला. कुणी विचार केल्याचं दिसेना. मग १० एप्रिलला माहिती अधिकारात अर्ज केला.

हे अवघड नाही. साधा कागद, नमुन्यातला अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत. मी तीनच गोष्टी मागितल्या: आवारातल्या इमारतींची सुगम्यता तपासणी (म्हणजे दिव्यांगांना त्या सहज वापरता येतात का याची) झाली असल्यास तिचा अहवाल, गेल्या तीन वर्षांत त्या कामावर झालेला खर्च, आणि आमच्या इमारतीच्या तळमजल्याचा मंजूर नकाशा. 'का केलं नाही' असं विचारायचं नाही. माहिती अधिकारात कागद मिळतो, कारण मिळत नाही. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. माझं एकोणचाळिसाव्या दिवशी आलं. पहिल्या दोन मुद्द्यांवर 'माहिती उपलब्ध नाही', तिसऱ्यावर मौन. वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील केलं. ११ जुलैला सुनावणी झाली आणि नकाशाची प्रत हातात पडली. दोन रुपये पान.

त्या नकाशानं माझा सगळा पवित्राच बदलला. ज्या खोलीत बादल्या होत्या ती नकाशात खरंच अपंगांसाठीचं स्वच्छतागृह म्हणून दाखवलेली होती, आणि तिच्या शेजारी, आता जिथे जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत, तिथे 'सफाई साहित्य कक्ष' होता. म्हणजे बादल्यांची जागा उत्तरपत्रिकांनी घेतली होती आणि आमची जागा बादल्यांनी. तोपर्यंत मला मनातून मावशींचा राग यायचा. नकाशा पाहिल्यावर त्यांच्याकडे जाऊन बसले. आठ तासांच्या पाळीत त्यांना डबा खायला, साडी बदलायला, ओला मॉप वाळत घालायला आख्ख्या इमारतीत एक कोपरा नव्हता. बादल्या बाहेर ठेवल्या तर ओरडा बसायचा. 'मग कुठं ठेवू ताई? तिथं कोणी जात नव्हतं, म्हणून ठेवल्या.' कोणी जात नव्हतं कारण जाता येत नव्हतं, आणि जाता येत नव्हतं म्हणून कोणी येतच नव्हतं. पुढच्या प्रत्येक अर्जात मी सफाई साहित्य कक्षाची मागणी पहिल्या क्रमांकावर ठेवली. तुम्हीही ठेवा. बादलीला हक्काची जागा नसेल तर आपली जागा टिकत नाही.

सुनावणीच्या आधी, मे-जूनच्या सुट्टीत, आम्ही पाच जणांनी मिळून आवारातली सव्वीस स्वच्छतागृहं मोजली. लागलं काय? पाच मीटरची टेप, खडू, मोबाइल आणि एक वही. माझी खुर्ची ६३ सेंटिमीटर रुंद आहे. सव्वीसपैकी एकवीस ठिकाणी आतल्या खणाचं दार साठच्या आत भरलं.

पण मापांपेक्षा त्या फिरण्यातल्या गप्पांनी जास्त शिकवलं. मी फक्त स्वतःच्या खुर्चीपुरता विचार करत होते. आमच्यातला एक जण दृष्टिहीन आहे. त्याची अडचण दाराची नव्हती. प्रत्येक मजल्यावर नळ, बेसिन, भांडं वेगळ्या जागी, त्यामुळे दर वेळी हातानं चाचपडत शोधावं लागायचं. 'आणि मी कशाकशाला हात लावतो ते मलाच माहीत नसतं,' तो म्हणाला. कुबड्या वापरणाऱ्या मैत्रिणीला भीती ओल्या फरशीची. ती दोनदा पडली होती, एकदा मनगट मोडलं. कर्णबधिर मुलगी म्हणाली, आत अडकले आणि बाहेरून कुणी दार वाजवलं तर मला कळणार कसं?

पाचवा मित्र ट्रान्स पुरुष आहे, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी अशी नोंद झालेला पुरुष. तो दिवसभरात एकदाच, दुपारी ग्रंथालय रिकामं असताना तिथल्या वरच्या मजल्यावर जायचा. मुलींच्या स्वच्छतागृहात गेला की आरडाओरडा, मुलांच्यात गेला की टोमणे, आणि पाळीच्या दिवसांत मुलांच्या स्वच्छतागृहात पॅड टाकायला डबाच नाही. तो वापरलेलं पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेतून घरी न्यायचा. तो आणि मी, दोघंही पाणी पीत नव्हतो. कारणं निराळी, तहान एकच. हे त्यानं सांगितलं तेव्हा आम्ही पायऱ्यांपाशी बसलो होतो, जून असूनही ऊन होतं, आणि आमच्या दोघांच्याही बाटल्या भरलेल्या होत्या.

म्हणून मागणी बदलली. एकाऐवजी तीन खोल्या. एक व्हीलचेअरसाठीची मोठी, थेट व्हरांड्यात दार उघडणारी, स्त्री-पुरुष भेद नसलेली, म्हणजे मदतनीस आई असो वा भाऊ, अडचण नको. शेजारी दोन लहान, जमिनीपासून छतापर्यंत पक्क्या भिंतींच्या, कुणासाठीही. मोठी खोलीच सगळ्यांना खुली करावी असा एक विचार होता. मी त्याला विरोध केला. मला दुसरीकडे जाता येत नाही, बाकीच्यांना येतं. ती खोली रांगेत अडकली तर माझं काय? यावर आमच्यात दोन दिवस वाद झाला. तो झाला हे बरं झालं, कारण पुढे बैठकीत नेमका हाच प्रश्न आला आणि आमचं उत्तर तयार होतं.

कायद्याचा अभ्यास या काळात केला. वकील लागला नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधलं कलम १६ शिक्षणसंस्थांना इमारत, आवार आणि सुविधा सुगम करायला सांगतं. कलम ४५ प्रमाणे जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम १५ जून २०१७ चे, म्हणजे मुदत जून २०२२ मध्ये, माझ्या प्रवेशाच्याही आधी संपली होती. नवं बांधकाम असेल तर कलम ४४ बघा. ट्रान्स व्यक्तींसाठी सर्वोच्च न्यायालयाचा १५ एप्रिल २०१४ चा 'नाल्सा' (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकाल आहे, त्यात स्वतंत्र सार्वजनिक स्वच्छतागृहांचा स्पष्ट निर्देश आहे. मापांसाठी केंद्र सरकारची २०२१ ची सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं. अर्जात कलमं लिहिली की भाषा आपोआप विनंतीची राहत नाही, आणि आवाजही चढवावा लागत नाही. अर्जाच्या खाली 'प्रत माहितीस्तव: राज्य दिव्यांग आयुक्त, पुणे' ही ओळ टाकली आणि प्रत खरोखर पाठवली. आयुक्तांचं कार्यालय पुण्यातच आहे. आठ दिवसांत विद्यापीठात दिव्यांग विद्यार्थ्यांचं काम बघणाऱ्या समान संधी कक्षाच्या मॅडमचा फोन आला, की बैठक लावली आहे.

बैठक २२ ऑगस्ट २०२३ ला. टेबलाभोवती अकरा माणसं, त्यातले आठ पुरुष. आदल्या रात्री मला झोप लागली नाही. मापं पाठ होती, कलमं पाठ होती. पण अकरा अनोळखी माणसांसमोर मला माझ्या लघवीबद्दल बोलायचं होतं. बोलले. आवाज कापत होता, तरी 'नैसर्गिक विधी' वगैरे शब्द न वापरता बोलले.

एका सदस्यांनी विचारलं, 'असे विद्यार्थी आहेत तरी किती?' प्रश्नात खोच नव्हती, त्यांना आकडा हवा होता. मी म्हटलं, नोंदणीकृत नऊ आहेत. जे दुपारनंतर येतच नाहीत त्यांची नोंद कुठे नाही. खोलीत शांतता झाली. तेवढ्यात टोकाला बसलेल्या एक ज्येष्ठ प्राध्यापिका म्हणाल्या, 'दहावी मी. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मला भारतीय बैठकीवर बसता येत नाही आणि कमोडवरून उठता येत नाही. मी दोन वाजता घरी जाते. सगळ्यांना वाटतं मला काम नको असतं.' त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यानंतर आकडा कुणी विचारला नाही.

एक कर्मचारी ताई मात्र शेवटपर्यंत साशंक होत्या. सर्वांसाठीच्या खोलीत मुलींच्या सुरक्षिततेचं काय? त्यांचा प्रश्न मला आजही रास्त वाटतो. मुलींसाठीची आणि मुलांसाठीची आहेत ती स्वच्छतागृहं तशीच राहतील, नव्या खोल्यांना आतून पक्की कडी आणि छतापर्यंत भिंत असेल, दारं वर्दळीच्या व्हरांड्यात असतील, असं इतिवृत्तात लिहून घेतलं. इतिवृत्ताची प्रत मागून घ्या. ती मिळेपर्यंत बैठक झाली असं समजू नका.

नंतरचा काळ नुसता वाट बघण्याचा. अंदाजपत्रक ऑक्टोबरमध्ये: ६ लाख ४२ हजार. बांधकाम समिती डिसेंबर, वित्त समिती फेब्रुवारी. त्रुटी निघून फाइल दोनदा परत आली, एकदा केवळ नकाशावर सही नव्हती म्हणून. दर सोमवारी अकरा वाजता मी त्या टेबलापाशी जायचे. तिथले काका पुढे पुढे मला बघून न विचारताच फाइल कुठे आहे ते सांगायचे. कार्यादेश निघणार तोच १६ मार्च २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता लागली. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सगळं ठप्प. एप्रिलमध्ये मी एकदा घरी रडले. भाऊ म्हणाला, सोड आता, पीएचडी कर. सोडलं नाही एवढंच. त्यात धैर्यबिर्य काही नव्हतं, रोज दीडला घरी यायचा कंटाळा आला होता.

१८ जूनला काम सुरू झालं. इथून पुढचं नीट वाचा, कारण कागदावर बरोबर असलेलं काम फरशीवर चुकतं, आणि एकदा टाइल बसली की ती कुणी फोडत नाही.

पहिल्या आठवड्यात चौकटी आल्या, ९० सेंटिमीटरच्या. नकाशात ९० होते, ठेकेदाराचं म्हणणं बरोबर होतं. पण चौकट ९० ची असेल तर फळी, बिजागरी आणि उघडं दार जाऊन मोकळी वाट जेमतेम ८० उरते. ९० हवी ती मोकळी वाट. मी खुर्चीवर बसून त्या रिकाम्या चौकटीतून गेले. दोन्ही हातांची बोटं चाकांवर होती आणि दोन्हीकडे खरचटली. मुकादमांनी ते बघितलं. दुसऱ्या दिवशी मोठ्या चौकटीची ऑर्डर गेली. दार बाहेर उघडणारं करून घेतलं, आतल्या बाजूनं आडवा दांडा, म्हणजे बसल्या बसल्या ओढून लावता येतं. गोल मुठीऐवजी खाली दाबायचं हँडल, कारण ज्यांच्या बोटांत ताकद नाही त्यांना मूठ फिरवता येत नाही.

मग कमोड. नेहमीच्या कमोडपेक्षा बसायची उंची जास्त लागते, ४५ ते ४८ सेंटिमीटर. गवंड्यानं सरळ उपाय काढला: खाली विटांचा ओटा, त्यावर नेहमीचा कमोड. उंची अगदी बरोबर आली. पण माझ्या खुर्चीचे पाय ठेवायचे पाट त्या ओट्याला अडले आणि मी कमोडपासून हातभर लांब राहिले. हे मला तरी नकाशात आधी कुठे दिसलं असतं? ओटा फोडला, भिंतीवर बसणारा कमोड आला, साडेसात हजार जास्तीचे गेले. शिवाय कमोडचा मध्य शेजारच्या भिंतीपासून ४५ सेंटिमीटरवर हवा. प्लंबरनं सवयीनं पाइप ३० वर काढला होता. तोही हलवला. प्लंबर सिंहगड रस्त्याच्या बाजूला राहायचे. २५ जुलैला तिकडे पाणी शिरलं तेव्हा त्यांचं घर गुडघाभर पाण्यात होतं. आठवडाभर काम थांबलं. त्याबद्दल कुणाला बोलावंसं वाटलं नाही.

भिंतीवरचे आधाराचे दांडे बसवायच्या आधीचा दिवस मला जसाच्या तसा आठवतो. टाइल नव्हती, नुसता प्लास्टर, सिमेंटचा ओला वास. मी कमोडवर बसले. गवंडीदादांनी हातात खडू घेतला आणि विचारलं, 'ताई, उठताना हात कुठं जातो?' मी डोळे मिटून हात नेला. त्यांनी तिथे रेघ मारली. मग प्राध्यापिका मॅडम बसल्या, त्यांचा हात दोन बोटं वर गेला. मग कुबड्यावाली मैत्रीण. तीन रेघा. नियमात दिलेल्या मापाच्या आतच सगळ्या होत्या, त्यांनी मधली धरली. धुवायच्या पाण्याचा जेट डाव्या की उजव्या हाताला, हेही तेव्हाच ठरलं. आपल्याकडे पाणी लागतं. जेट पाठीमागे भिंतीवर असला तर बसलेल्या माणसाला तो मिळत नाही, हे कुणीतरी सांगावं लागतं. पण सांगायला तिथे हजर असावं लागतं.

कमी दिसणाऱ्या एका मुलानं सांगितलं, की पांढऱ्या टाइलवर चकचकीत स्टीलचा दांडा त्याला दिसतच नाही. म्हणून दांड्यांच्या मागे गडद निळा पट्टा घेतला. फरशी खरखरीत मॅट टाइलची, उतार कोपऱ्याकडे. तिन्ही खोल्यांत नळ, डबा, जेट, हुक एकाच बाजूला, म्हणजे दृष्टिहीन मित्राला एकदा लक्षात ठेवलं की झालं. पाटी मराठीत, मोठ्या अक्षरांत, खाली ब्रेल.

संकटकाळची घंटा अंदाजपत्रकात राहून गेली होती. मी आणि भाऊ विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत गेलो. व्हीलचेअर घेऊन तिथे जाणं म्हणजे काय ते पुणेकरांना सांगायला नको. दुकानदारांनी गल्लीच्या तोंडाशी येऊन सामान दाखवलं. ओढायची दोरी असलेला स्विच, घंटा आणि दारावर लावायचा लाल दिवा, मिळून १,८५०. दोरी जमिनीपर्यंत सोडायची. पडलेल्या माणसाचा हात उभ्या माणसाच्या स्विचपर्यंत पोचत नाही. आतही एक दिवा लावला, बाहेर कुणीतरी आलं आहे हे कर्णबधिर मुलीला कळावं म्हणून. घंटा वाजते पहारेकऱ्याच्या चौकीत.

डबे तिन्ही खोल्यांत ठेवले. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या ताईंनी सांगून ठेवलंय तसं पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका करायचा, म्हणून कागदाचा गठ्ठा आणि लाल पेन दोरीला बांधून ठेवलं. पेन दोनदा गेलं. आता स्केचपेन आहे, टिकलंय.

१५ ऑगस्टला ध्वजवंदनानंतर उद्घाटन झालं. १९ तारखेला मी विभागात गेले, तर मोठ्या खोलीला कुलूप.

त्या क्षणी माझ्या अंगातलं बळच गेलं. कुलूप नवं होतं, पितळी, चकचकीत. 'गैरवापर होऊ नये म्हणून' असं उत्तर मिळालं. मी भांडले नाही. लेखी विचारलं, की हे कुलूप कुणाच्या आदेशानं लागलं त्याची प्रत मिळावी. तसा आदेश नव्हताच. पण खरा तोडगा मावशींनी काढला. त्या म्हणाल्या, 'साहेबांना भीती खोली घाण होईल याची आहे. आणि घाण झाली तर बोलणी मला.' तीन खोल्या वाढल्या होत्या, त्यांचं काम वाढलं होतं, पगार आणि वेळ तेवढाच. एवढे महिने धावपळ करताना हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, याची मला लाज वाटली. पुन्हा अर्ज, या वेळी मावशींच्या सहीसह: सफाईच्या कंत्राटात एका माणसाचे चार तास वाढवावेत, आणि उत्तरपत्रिकांची खोली मूळ नकाशाप्रमाणे सफाई साहित्य कक्ष म्हणून रिकामी करावी. १८ सप्टेंबरला दोन्ही मान्य झालं. कुलूप निघालं. बादल्या आपल्या खोलीत गेल्या. तिथे आता एक खुंटी आहे, एक आरसा आहे, डबा खायला दोन खुर्च्या आहेत.

माझा स्वतःचा खर्च, कागद, झेरॉक्स, स्टॅम्प, रिक्षा आणि घंटा धरून साधारण सात हजार झाला. घंटेचे पैसे नंतर मिळाले.

८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी प्रकरणात निकाल दिला, की सुगम्यतेची मापं नुसती शिफारस म्हणून ठेवता येणार नाहीत, बंधनकारक नियम करावे लागतील. तो निकाल जोडून आम्ही उरलेल्या इमारतींसाठी अर्ज दिला आहे. आवक क्रमांक घेतला आहे. दोन इमारतींत काम सुरू झालंय, बाकीच्यांचं अंदाजपत्रक व्हायचं आहे.

गेल्या महिन्यात सकाळी सव्वानऊला मावशींचा फोन आला. त्यांची बदली त्या दोनपैकी एका इमारतीत झाली आहे. 'ताई, इथं चौकट आणलीय. मी वितीनं मोजली, मला कमी वाटतीय. आणि दार आत उघडणारं लावतायत. आज दुपारी बसवणार म्हणतात. तुम्ही याल का?'

मी टेप पर्समध्ये टाकली आणि रिक्षा बोलावली. पोचले तेव्हा मावशी चौकटीला टेकून उभ्या होत्या, आणि मिस्त्री ड्रिल हातात घेऊन थांबला होता.